जुन्या आर १०० आरटीबद्दल: तिचा स्वभाव कोणता आणि आजार कोणता

तुमचा प्रश्न लांबलचक होता, म्हणून आधी तो थोडक्यात मांडतो. तुम्ही १९८२ची बीएमडब्ल्यू आर १०० आरटी घेतली आहे. याआधी चेनवर चालणाऱ्या चार सिलिंडरच्या गाड्या चालवल्यात, शाफ्टची (चेनऐवजी फिरत्या दांड्याने मागचं चाक फिरवणारी) ही पहिलीच. तक्रारी सहा आहेत. उभ्या गाडीला रेस दिली की ती उजवीकडे कलते. थ्रॉटल उघडला की मागची बाजू उचलली जाते, सोडला की खाली बसते. गिअर पडताना खाडकन आवाज येतो. रात्रभर साइड स्टँडवर राहिली की सकाळी निळा धूर सोडते. सामान लादून ताशी ११०च्या पुढे गेलं की मागून डुलायला लागते. आणि लांबच्या प्रवासात दुसऱ्या दिवशी बॅटरी बसते; आयडलिंगला चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणत राहतो. तुमच्या मेकॅनिकचं म्हणणं असं की शाफ्ट आणि गिअरबॉक्स दोन्ही उघडावे लागतील.

उघडू नका. निदान आत्ता तरी नको. पहिल्या चार गोष्टी हा या गाडीचा स्वभाव आहे, त्यांना औषध नाही आणि गरजही नाही. शेवटच्या दोन मात्र खरे बिघाड आहेत, आणि त्यांचा शाफ्टशी किंवा गिअरबॉक्सशी काडीचा संबंध नाही. डुलणं आणि मागून उचलणं या दोन वेगळ्या गोष्टी एकाच माळेत ओवल्या गेल्यामुळे शाफ्टवर आळ आला, एवढंच.

गाडी समोर नाही, त्यामुळे काही गोष्टी जरा जपूनच सांगतो. चाळीस वर्षांत ही गाडी किती हातांतून गेली आणि कुणी काय बदललं यावर बरंच अवलंबून आहे. या कुळातले पार्ट एकमेकांना इतके सहज बसतात की १९८२च्या गाडीवर १९७८चे कार्ब्युरेटर किंवा दुसऱ्याच मॉडेलची फायनल ड्राइव्ह (मागच्या चाकाशी असलेला गिअरचा डबा) सापडणं नवलाचं नाही. तेव्हा कुठलाही पार्ट मागवण्यापूर्वी गाडीवर प्रत्यक्ष काय बसलंय ते बघा. कागदावरच्या वर्षावर जाऊ नका.

आता मूळ मुद्दा. पहिल्या चारही तक्रारी एकाच निर्णयातून येतात: क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या ये-जा करण्याने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, थोडक्यात क्रँक) गाडीच्या लांबीच्या दिशेने ठेवायचा. हा निर्णय १९२३चा. माक्स फ्रिट्झने आर ३२ काढली तेव्हा दोन सिलिंडर डावी-उजवीकडे आडवे बाहेर काढले, क्रँक पुढून मागे ठेवला, त्याच्या मागे गिअरबॉक्स बोल्टने जोडला आणि तिथून शाफ्ट सरळ मागच्या चाकाकडे नेला. ताकदीला काटकोनात वळावं लागतं ते फक्त एकदाच, मागच्या चाकाशी. दोन्ही सिलिंडर थेट वाऱ्यात, म्हणून दोन्ही सारखेच थंड राहतात. वजन खाली. टॅपेट ॲडजस्ट करायला टाकी काढावी लागत नाही, रस्त्याच्या कडेला स्टुलावर बसून काम होतं. साफ करायला, ताणायला, तेल लावायला चेनच नाही. लांब पल्ल्याच्या गाडीला जे लागतं ते बहुतेक या एका मांडणीतून आपोआप मिळतं, आणि तुम्हाला खटकणाऱ्या चार गोष्टीही त्याच मांडणीतून येतात.

तुमचं इंजिन १९६९ साली आलेल्या /५ मालिकेच्या घराण्यातलं. तेव्हा बीएमडब्ल्यूने बॉक्सर, म्हणजे हे समोरासमोर आडव्या सिलिंडरचं इंजिन, जवळजवळ नव्याने बांधला: कॅमशाफ्ट क्रँकच्या खाली गेला, क्रँकला कारसारखी साधी प्लेन बेअरिंग आली, त्यांना दाबाने तेल आणि नीट ऑइल फिल्टर मिळाला, इलेक्ट्रिक स्टार्ट आला. तेव्हाच्या आर ७५/५चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८२ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७०.६. तुमच्या गाडीचा बोअर ९४ आणि स्ट्रोक तोच ७०.६. म्हणजे ९८० सीसी आणि ७० हॉर्सपॉवर. त्या काळच्या जपानी गाड्यांपुढे हा आकडा काही भारी नव्हता. पण १९७६ची आर १०० आरएस आणि १९७८ची आरटी आकड्यांसाठी बनवल्याच नव्हत्या. आरएसचं फेअरिंग विंड टनेलमध्ये घासूनपुसून घडवलेलं होतं, आरटीने त्यावर काच उंच केली आणि हँडल आणखी आरामाचं दिलं. सामान, मागे माणूस आणि ४००० आरपीएमवर दिवसभर. तुमची गाडी यासाठी आहे.

आता एकेक तक्रार घेऊ.

उजवीकडे कलणं. क्रँक आणि त्याला जोडलेलं फ्लायव्हील एका दिशेने वेग घेतं, तेव्हा इंजिनाचा सांगाडा उलट दिशेने फिरू बघतो. आडव्या क्रँकच्या गाडीत हाच धक्का पुढे-मागे जातो, चाकांमधलं अंतर तो गिळून टाकतं, तुम्हाला कळतही नाही. तुमच्या गाडीत क्रँक लांबीच्या दिशेने आहे, म्हणून धक्का आडवा जातो आणि गाडी कूस बदलल्यासारखी कलते. होंडाने १९७५च्या गोल्ड विंगमध्ये, तिचाही क्रँक लांबीतच, अल्टरनेटर मुद्दाम उलटा फिरवून हा धक्का मारला. बीएमडब्ल्यूने तशी तसदी घेतली नाही. चालत्या गाडीत गिअर टाकल्यावर हे जाणवत नाही. सिग्नलला उगाच रेस देऊ नका, म्हणजे झालं.

मागून उचलणं. हे जरा नीट समजून घ्या, कारण याचा चालवण्यावर परिणाम होतो. मागच्या चाकाशी शाफ्टच्या टोकाला छोटा पिनियन आहे, तो चाकाच्या मोठ्या क्राउन गिअरला फिरवतो. थ्रॉटल उघडला की पिनियन चाकाला ढकलतो आणि त्याच वेळी क्राउन गिअरवर चढू बघतो. तो ज्या डब्यात बसलाय तो डबा स्विंगआर्मला, म्हणजे मागचं चाक धरून वर-खाली हलणाऱ्या आर्मला, घट्ट बोल्ट केलेला. म्हणून चढण्याचा जोर थेट स्विंगआर्ममध्ये जातो, आर्म खाली ढकलला जातो, पर्यायाने गाडी वर येते. थ्रॉटल सोडला की याच्या उलट. जर्मन लोक या गाड्यांना गंमतीने ‘रबरी गाय’ म्हणत, ते उगाच नाही. बीएमडब्ल्यूने यावर खरा इलाज काढला तो १९८७ साली आर १०० जीएसवर: शाफ्टच्या मागच्या टोकाला दुसरा सांधा दिला आणि फायनल ड्राइव्हचा डबा एका वेगळ्या दांडीने फ्रेमशी बांधला. तो इलाज तुमच्या गाडीवर नाही, आणि शाफ्ट उघडून तो येणारही नाही.

याचा व्यवहारातला अर्थ एवढाच: वळणात शिरल्यावर थ्रॉटल एकदम सोडायचा नाही. सोडलात की मागची बाजू बसते, जमिनीपासूनची उंची नेमकी नको त्या क्षणी कमी होते आणि खालच्या बाजूचं व्हॉल्व्ह कव्हर रस्ता खरवडतं. वेग वळणाआधीच कमी करा, मग वळणभर थ्रॉटल हलकासा उघडा ठेवा. गाडी वर उचललेली राहते आणि रेषा सोडत नाही. चार सिलिंडरच्या गाडीवर वळणात शेवटपर्यंत ब्रेक घ्यायची सवय असेल तर ती इथे मोडावी लागेल.

गिअरचा खाडकन आवाज. तुमच्या आधीच्या गाड्यांमध्ये क्लच तेलात बुडालेला, बऱ्याच पातळ प्लेटांचा, आणि प्रायमरी गिअरमुळे क्रँकपेक्षा हळू फिरणारा होता. इथे क्लच कारसारखा: एकच मोठी कोरडी प्लेट, फ्लायव्हीलवर, क्रँकच्याच वेगाने फिरणारी. गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्टही त्याच वेगाने. एवढं फिरतं वजन एका गिअरच्या वेगावरून दुसऱ्या गिअरच्या वेगावर क्षणात आणायचं म्हणजे आवाज होणारच. १९८१पासून फ्लायव्हील-क्लच हलका केला, त्यामुळे तुमची गाडी आधीच्यांपेक्षा बरी आहे. गिअर टाकायची रीत अशी: क्लच दाबण्याआधी पायाने लिव्हरवर हलका दाब ठेवायचा, मग क्लच आणि गिअर एका दमात, पण घाई न करता. न्यूट्रलमधून पहिला टाकताना क्लच दाबून सेकंदभर थांबा, आतली चक्रं मंदावू द्या.

एक अपवाद लक्षात ठेवा. गाडी पूर्ण गरम झाल्यावर, क्लच पूर्ण दाबूनही पहिला गिअर करकरत पडत असेल, किंवा क्लच सोडल्यावर थोडा उशिरा आणि झटक्याने पकडत असेल, तर क्लच प्लेटचे स्प्लाइन्स (प्लेट ज्यांवर सरकते ते शाफ्टचे दाते) कोरडे पडलेत. तिथे ग्रीस लागतं आणि त्यासाठी गिअरबॉक्स थोडा मागे सरकवावा लागतो. गिअरबॉक्स उघडणं वेगळं आणि मागे सरकवणं वेगळं. मेकॅनिकला हे ठणकावून सांगा, कारण बिलातही तितकाच फरक पडतो.

सकाळचा निळा धूर. सिलिंडर आडवे, साइड स्टँड डावीकडे. रात्रभरात थोडं तेल डाव्या सिलिंडरकडे उतरतं आणि पिस्टन रिंगच्या फटींतून आत झिरपतं. सकाळी तेच जळतं. मिनिट-दोन मिनिटांत धूर थांबत असेल तर विसरून जा. नकोच असेल तर मेन स्टँडवर लावा. पण चालताना थ्रॉटल उघडल्यावर निळा धूर येत असेल तर रिंगकडे बघा, आणि उतारावर थ्रॉटल सोडून पुन्हा उघडताना येत असेल तर व्हॉल्व्ह गाइडकडे. गाडी स्टँडवर लावताना पेट्रोलचे दोन्ही कॉक बंद करायची सवयही लावा.

तेलाचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो, कारण निम्मे लोक इथे चुकतात. या इंजिनात दोन्ही पिस्टन एकाच वेळी बाहेर जातात आणि एकाच वेळी आत येतात. म्हणूनच ते इतकं गुळगुळीत चालतं. पण त्यामुळे क्रँककेसमधली हवा प्रत्येक फेऱ्यात जवळजवळ एक लिटरने दाबली जाते आणि ब्रीदरमधून (क्रँककेसची हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) बाहेर फुंकली जाते. तेल वरच्या खुणेपर्यंत भरलंत तर तीच हवा जादा तेल घेऊन एअर फिल्टरकडे जाते. मग ‘इंजिन तेल खातंय’ अशी ओरड. डिपस्टिक फक्त टेकवून माप घ्यायचं, आटे फिरवून बसवून नाही. गाडी मेन स्टँडवर. तेल दोन खुणांच्या मधोमध असलं की पुरे.

आता खऱ्या बिघाडांकडे येऊ. आधी डुलणं.

वेगात गाडी हलते तेव्हा ती दोनपैकी एका प्रकाराने हलते. हँडल झपाट्याने थरथरतं तो पुढच्या बाजूचा दोष, आणि तो बहुधा कमी वेगात, थ्रॉटल सोडून वेग उतरताना दिसतो. तुम्ही लिहिलंय ते दुसरं: अख्खी गाडी सेकंदाला दोन-तीनदा डावी-उजवीकडे हेलकावे घेते, वेग वाढला की वाढते, सामान असलं की जास्त. याचं मूळ बहुतेक वेळा मागे असतं, आणि ते शोधायची माझी एक ठरलेली चाल आहे: फुकटच्या गोष्टी आधी, पाने लागतील त्या नंतर, पैसे लागतील त्या सगळ्यात शेवटी.

टायर. पुढचा ३.२५-१९ आणि मागचा ४.००-१८ हे तुमच्या गाडीचं मूळ माप. आधीच्या मालकाने रुबाबासाठी मागे रुंद टायर घातला असेल तर तुमची शोधमोहीम तिथेच संपली असेल. या स्विंगआर्ममध्ये शाफ्टच्या बाजूला जागा फार कमी, रुंद टायर कसाबसा बसतो आणि अरुंद रिमवर त्याचा आकार बिघडतो. मधोमध चपटा झालेला टायरही डुलतो, त्यावर नक्षी भरपूर शिल्लक असली तरी. हवा मॅन्युअलमधल्या ‘सामान आणि दोघे’ या रकान्याप्रमाणे भरा, टायर थंड असताना.

मग सामान. मागच्या आसाच्याही मागे आणि उंचावर टांगलेला टॉप बॉक्स हा सगळ्यात मोठा गुन्हेगार. जड वस्तू, म्हणजे हत्यारं, सुटे भाग, पाणी, टाकीवरच्या बॅगेत किंवा साइड बॉक्सच्या तळाशी पुढच्या बाजूला ठेवा. टॉप बॉक्समध्ये रेनकोट आणि हातमोजे, बस. आरटीचं फेअरिंग फ्रेमवर बसवलेलं आहे, हँडलवर नाही, म्हणून वाऱ्याचा धक्का सरळ हँडलमध्ये येत नाही. पण मोठ्या फेअरिंगमागे मागचं वजन वाढलं की पुढचं चाक हलकं पडतं, हेही खरं. शिवाय मागची सबफ्रेम मूळ फ्रेमला बोल्टने जोडलेली आहे आणि साइड बॉक्स तिलाच लटकतात. ते बोल्ट घट्ट आहेत का बघा. ढिले सापडले तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

एवढं करूनही डुलत असेल तर स्विंगआर्म. गाडी मेन स्टँडवर घ्या. एका हाताने फ्रेम धरा, दुसऱ्या हाताने मागचं चाक मागच्या कडेला पकडून डावी-उजवीकडे ढकला. ढील जाणवली तर नजर चाक आणि स्विंगआर्म यांच्यामध्ये ठेवा. चाक स्विंगआर्मच्या तुलनेत हलत असेल तर चाकाचं बेअरिंग. चाक आणि स्विंगआर्म दोन्ही मिळून फ्रेमच्या तुलनेत हलत असतील तर पिव्हटचं बेअरिंग. पिव्हटला दोन्ही बाजूंना टेपर रोलर बेअरिंग आहेत, ती दोन पोकळ पिनांनी दाबून बसवायची असतात. लॉक नट २७चा, पण खोल खड्ड्यात, त्यासाठी पातळ भिंतीचा सॉकेट लागतो. नेहमीचा जात नाही, आणि इथेच बरेच मेकॅनिक हात टेकतात. पिना फिरवताना स्विंगआर्म आणि फ्रेममधली फट दोन्ही बाजूंना सारखी राहिली पाहिजे. फट असमान असेल तर चाक एका बाजूला सरकलेलं असतं आणि कितीही घट्ट केलं तरी गाडी सरळ जात नाही. या वयाच्या गाड्यांत मला ही ढील इतक्यांदा सापडते की मी तिला नेहमीच्या सर्व्हिसमध्येच धरतो.

मग कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग. मेन स्टँडवर मागे कुणीतरी वजन द्यावं, म्हणजे पुढचं चाक हवेत येईल. दोन बोटांनी हँडल अगदी हळू, मधल्या जागेच्या आसपास फिरवा. बरोबर मधोमध आल्यावर हँडल एखाद्या खाचेत बसल्यासारखं क्षणभर अडलं तर बेअरिंगची रेस (रोलर ज्यावर फिरतात ती कडी) खचलेली आहे. लांब पल्ल्याच्या गाडीत हँडल दिवसेंदिवस जवळजवळ सरळच राहतं, बेअरिंगचे रोलर एकाच जागी ठोके खातात आणि तिथे बारीक खळगे पडतात. ही खाच गाडीला सरळ जाताना सतत टोचते. बेअरिंग फार घट्ट केलं तरी असंच होतं. त्यामुळे डुलते म्हणून नट आणखी आवळणं हा उपाय नाही. गाडीला स्टिअरिंग डॅम्पर असेल तर तोही आवळून दोष झाकू नका.

शॉक ॲब्सॉर्बर शेवटी. मूळचे असतील तर एव्हाना त्यांच्यात स्प्रिंग उरली असेल, डॅम्पिंग नाही. मागची बाजू दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक, पुन्हा खाली-वर झाली तर गेले. नवे घ्यायचे तर तुमचं, मागच्या माणसाचं आणि सामानाचं वजन सांगून त्याप्रमाणे स्प्रिंग घ्या. कडक म्हणजे चांगली असं नाही. फार कडक स्प्रिंगवर गाडीची मागची बाजू उंच राहते, पुढचा काटा उभा होतो आणि डुलणं उलट वाढतं.

आता बॅटरी. इथे गणितच बरंच सांगून जातं. तुमच्या गाडीचा अल्टरनेटर २८० वॉटचा, आणि तेही चांगल्या आरपीएमला. हेडलाइट ५५, टेललाइट, मीटरचे दिवे, इग्निशन, आणि तुम्ही म्हणता ते ५५-५५ वॉटचे दोन जादा दिवे. एवढ्यानेच दोनशेच्या आसपास पोचलात. त्यात गरम ग्रिप आणि फोन चार्जर. गर्दीत आयडलिंगला अल्टरनेटर २८०च्या जवळपासही नसतो, म्हणजे बॅटरी ओतत राहते. जादा दिवे एलईडीचे करा किंवा शहरात बंद ठेवा. अर्धा प्रश्न तिथेच सुटू शकतो.

उरलेला अर्धा प्रश्न तो मिणमिणता दिवा सांगतो. तो नुसता इशारा देणारा दिवा नाही, चार्जिंगच्या वाटेचा भाग आहे. चावी फिरवली की बॅटरीचा थोडा प्रवाह या दिव्यातून रेग्युलेटरकडे, तिथून ब्रशमधून रोटरच्या (अल्टरनेटरच्या फिरत्या भागाच्या) गुंडाळीत जातो आणि तिला पहिलं चुंबकत्व देतो. त्या जोरावर अल्टरनेटर जागा होतो, त्याचं व्होल्टेज बॅटरीइतकं आलं की दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखा दाब होतो आणि तो विझतो. म्हणून बल्ब उडाला तर सहसा चार्जिंगच सुरू होत नाही. टुलकिटमध्ये जादा बल्ब ठेवा. चावी फिरवल्यावर दिवा पेटतच नसेल तर बल्ब किंवा रोटर तुटलाय. तुमच्यासारखा अर्धवट पेटलेला राहत असेल तर दोन बाजूंच्या व्होल्टेजमध्ये फरक आहे: झिजलेले ब्रश, मळलेल्या स्लिप रिंग (रोटरवरच्या, ब्रश टेकतात त्या कड्या), गंजलेला कनेक्टर किंवा डायोड बोर्डमधला (अल्टरनेटरचा प्रवाह बॅटरीसाठी एकदिश करणाऱ्या पाटीतला) गेलेला डायोड. अगदी खालच्या आयडलिंगला हेडलाइट लावून दिवा किंचित दिसणं या गाडीत चालतं, पण २००० आरपीएमला तो पूर्ण मेलेला असायलाच हवा.

तपासायचं असं. बॅटरीवर मीटर लावा. इंजिन बंद असताना साडेबारा व्होल्टच्या वर, ४००० आरपीएमला १४च्या आसपास हवेत. मिळत नसतील तर इंजिनाचं पुढचं कव्हर काढावं लागेल, आणि त्याआधी, न चुकता, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची. कव्हर धातूचं आहे आणि त्याच्या मागे डायोड बोर्डला बॅटरीचा थेट प्रवाह येतो. कव्हर काढताना जरा तिरकं होऊन टेकलं की ठिणगी, आणि चांगला डायोड बोर्डही खलास. आत ब्रशची लांबी बघा, स्लिप रिंग पुसा. ब्रश उचलून दोन स्लिप रिंगमधला रेझिस्टन्स मोजा: तीन-चार ओहमच्या आसपास हवा. मीटर अनंत दाखवत असेल तर गुंडाळी तुटली. स्लिप रिंग आणि रोटरचा लोखंडी भाग यांच्यात मात्र काहीच जोड दिसता कामा नये. एक खोडी अशी की रोटर थंड असताना व्यवस्थित दिसतो आणि गरम झाल्यावर गुंडाळी आतून सुटते. ‘सकाळी चार्ज होते, दुपारी नाही’ ही तक्रार तीच. म्हणून माप गाडी चालवून आल्यावर लगेच पुन्हा घ्या. रोटर काढायची वेळ आली तर त्यासाठीचा खास कडक बोल्ट वापरा, मागून पाना अडकवून उचकटू नका. क्रँकचं टोक खराब होईल.

डायोड बोर्ड रबरी पायांवर बसवलेला असेल तर ते पायही बघा. इंजिनाच्या उष्णतेने रबर फाटतं आणि बोर्ड लोंबकळतो. बरेच जण तिथे धातूचे पाय बसवतात. मीही तेच करतो.

गाडी हातात आहेच तर दोन गोष्टी आणखी सांगतो. तुम्ही विचारल्या नाहीत, पण लांब जाणार असाल तर महत्त्वाच्या आहेत. पहिली, व्हॉल्व्ह. थंड इंजिनावर इनटेक ०.१० आणि एक्झॉस्ट ०.२० मिलिमीटर. टॅपेटची टिकटिक या इंजिनात ऐकू येणारच. आवाज करणाऱ्या व्हॉल्व्हची चिंता करू नका, गप्प झालेल्याची करा. एक्झॉस्टची फट दर वेळी कमी झालेली सापडत असेल तर सीट खचत चालली आहे, आणि त्या काळातल्या हेडांत हे होतं. मापं एका वहीत लिहून ठेवा. दुसरी, ऑइल फिल्टरच्या कव्हरमागची पांढरी ओ-रिंग. फिल्टर बदलताना ती नवी हवी आणि कॅनिस्टर किती खोल बसलाय ते मोजून त्याप्रमाणे शिम हवी. ही रिंग राहिली किंवा सैल बसली तर बाहेर एक थेंबही गळत नाही, पण तेल आतल्या आतच निसटतं आणि बेअरिंगना दाब मिळत नाही. याउलट सिलिंडरखालच्या पुशरॉड ट्यूबच्या रबरांतून येणारी तेलाची ओल डोळ्यांना खुपते, पण सवडीने केली तरी चालते. लोक नेमकी उलटी काळजी करतात.

मग शाफ्ट उघडायचा कधी? त्याआधी तेल विचारा. या गाडीत चार वेगवेगळी तेलं आहेत: इंजिन, गिअरबॉक्स, शाफ्टची नळी, फायनल ड्राइव्ह. शाफ्टच्या नळीतलं आणि फायनल ड्राइव्हचं तेल एका स्वच्छ पांढऱ्या भांड्यात काढा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडा, मऊ, बोटांवर चोळला जाणारा लेप असेल तर ती रोजची झीज. सुईसारखे किंवा पापुद्र्यासारखे चमकणारे तुकडे असतील तर बेअरिंग किंवा गिअर बोलतोय, मग जरूर उघडा. गिअरबॉक्सच्या मागच्या रबरी गेटरला चीर नाही ना तेही बघा. त्याच्या आत शाफ्टचा सांधा आहे आणि त्याचे चार बोल्ट टॉर्क रेंचनेच घट्ट करायचे असतात. मागचं चाक काढाल तेव्हा फायनल ड्राइव्हचे दाते बघा: वरून सपाट असतील तर ग्रीस लावून परत बसवा, टोकदार झाले असतील तर फोटो पाठवा.

आधी टायर, सामान आणि स्विंगआर्म ही तीन कामं करा, त्यानंतरच शॉकवर पैसे घाला. बॅटरीसाठी रोटरचे थंड आणि गरम ओहम, आणि ४००० आरपीएमला जादा दिवे बंद ठेवून बॅटरीवर किती व्होल्ट येतात, एवढं कळवा. त्यावरून डायोड बोर्ड मागवायचा की नुसते ब्रश, हे सांगता येईल.